शिबिर नको, वही ठेवा: वस्तीत बी.पी.-शुगरचं काम कसं उभं करावं

पहिली गोष्ट सांगते: शिबिर घेऊ नका. निदान पहिलं वर्षभर तरी नको.

पुण्यात शिबिरांना तोटा नाही. साहेबांचा वाढदिवस, मंडळाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष, सोसायटीचा वर्धापनदिन, निमित्त काय कुठलंही चालतं. मांडव पडतो, फ्लेक्स लागतो, त्यावर डॉक्टरांच्या नावापेक्षा हात जोडलेले चेहरे मोठे असतात. लोक रांगेत उभे राहतात, बोट टोचून घेतात, चिठ्ठीवर आकडा मिळतो आणि सोबत बिस्किटाचा पुडा. संध्याकाळी मांडव उतरतो. त्या आकड्यांचं पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नसतं. जिचा वरचा आकडा 170 निघाला ती बाई चिठ्ठी देव्हाऱ्यामागे खोचते आणि दुसऱ्या दिवशी चार घरची भांडी घासायला निघते.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे, राहायला धनकवडीत. थकबाकीची यादी काढायची आणि ती घेऊन न भांडता दारोदार जायचं, एवढंच मला येतं. बी.पी. आणि शुगरच्या कामात बहुतेक भाग हाच असतो. तपासणी म्हणजे कर्जमंजुरी, ती कुणीही करतं. पुढचे हप्ते कोण बघणार, हा खरा प्रश्न. ज्या मंडळाला, सोसायटीला किंवा बचत गटाला आपल्या भागात हे काम चालू करायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले. शंभर प्रौढांमागे साधारण 11 जणांना मधुमेह, आणखी 15 जण त्याच्या उंबरठ्यावर आणि 35 जणांना उच्च रक्तदाब. आपल्या सोसायटीच्या कोजागिरीला जमणारी माणसं डोळ्यांसमोर आणा आणि मोजा. यातल्या बहुतेकांचं काहीही दुखत नसतं, आणि दुखत नाही म्हणून गोळी सुटते.

आधी कोण कोण आहे ते बघा

नवीन संस्था काढू नका. लागतात ती सगळी माणसं तुमच्या भागात आधीच असतात, फक्त एकमेकांना ओळखत नाहीत.

सुरुवात आशाताईंपासून. शहरात साधारण एक ते अडीच हजार लोकवस्तीमागे एक आशाताई असतात. तुमच्या गल्लीच्या कोण, हे माहीत नसेल तर महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन विचारा. त्यांच्याकडे सी-बॅक नावाचा फॉर्म असतो. तिशीपुढच्या प्रत्येकाचं वय, कमरेचा घेर, तंबाखू, दारू, हालचाल आणि घराण्यात कुणाला बी.पी.-शुगर आहे का, हे त्यात भरतात. गुण 4 च्या पुढे गेले की त्या माणसाला आधी तपासणीला न्यायचं. म्हणजे घरोघरची निम्मी माहिती सरकारदरबारी आधीच गोळा होत असते, तुम्ही पुन्हा पाहणीचा घाट घालू नका. आणि एक लक्षात ठेवा, आशाताईंना पगार नसतो, मानधन आणि कामागणिक मोबदला असतो. त्यांना रविवारी फुकट राबवायचं आणि फोटोत मागच्या रांगेत उभं करायचं, असं करणार असाल तर त्या दुसऱ्यांदा येणार नाहीत. येऊही नये.

मग महिला आरोग्य समिती. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान 2013 मध्ये सुरू झालं, त्यात वस्तीतल्या 50 ते 100 घरांमागे बायकांची अशी एक समिती धरलेली आहे आणि तिला वर्षाला 5,000 रुपयांचा खुला निधी आहे. खूप ठिकाणी ती कागदावरच असते. यादी मागा, यादीतल्या बायकांना भेटा. काहींना आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं.

दवाखान्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे मागण्यांचं निवेदन घेऊन जाऊ नका. त्यांना निवेदनं रोज येतात. प्रश्न घेऊन जा: बी.पी.-शुगरची तपासणी कोणत्या वारी असते, गोळ्या एका वेळी किती दिवसांच्या देता, आणि साठा संपला की आम्ही कुणाकडे पाठपुरावा केला तर तुम्हाला मदत होईल? तिसरा प्रश्न ऐकल्यावर समोरचा माणूस खुर्चीत जरा पुढे सरकतो, असा माझा अनुभव आहे.

आता औषधाचं दुकान. याच्याइतका कामाचा भागीदार दुसरा नाही आणि बैठकीला बोलवायला सगळे यालाच विसरतात. कुणी गोळ्या सोडल्या हे डॉक्टरांच्या आधी दुकानदाराला कळतं. 'पूर्ण पाकीट नको, चारच द्या' म्हणणारं गिऱ्हाईक त्याच्यासमोर उभं असतं. महिन्याच्या वीस तारखेनंतर अशी गिऱ्हाइकं वाढतात. आमच्या इथले औषधवाले काका अशा माणसाला शांतपणे सांगतात, 'दवाखान्यात हीच गोळी फुकट मिळते, जाताना त्या ताईंना भेटा.' स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणारा दुकानदार मिळेल का, अशी शंका तुम्हाला येईल. मिळतो. बाकीचा बाजार ते गिऱ्हाईक त्याच दुकानातून घेतं, हे दुकानदाराला कळतं.

गणपती मंडळाकडे जागा असते, टेबलं-खुर्च्या असतात, भोंगा असतो आणि दहा महिने रिकामी बसलेली पोरं असतात. बदल्यात त्यांना फलकावर नाव हवं असतं. द्या ना, नाव लिहायला काय जातंय! हास्यक्लबवाल्या आजी-आजोबांकडे वेळ असतो आणि फोनवर बोलायची हौस असते, त्यांना आठवणीचे फोन करायचं काम द्यावं. कॉलेजची एन.एस.एस.ची मुलं उत्साही, पण परीक्षा आली की गायब. त्यांना ठरावीक, एका दिवसात संपणारं काम द्या, वही देऊ नका.

कुणाला टाळायचं तेही सांगते. 'आमची लॅब सगळ्यांची फुल बॉडी चेकअप फुकट करेल' म्हणत कुणी आलं तर बदल्यात काय हवं, असं सरळ विचारा. बहुधा फोन नंबरांची यादी हवी असते. टेबलावर कुणाचंही व्हिजिटिंग कार्ड ठेवायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

पहिली बैठक आणि एक पान

अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सहकार्याध्यक्ष ठरवण्यात पहिले दोन महिने घालवायचे नसतील तर पदं ठेवूच नका, कामं ठेवा. एका पानावर लिहा: मंडळाच्या शेडचं कुलूप कोण उघडणार, मशीन कुणाच्या घरी राहणार, वही कोण लिहिणार, ती आजारी पडली तर कोण, दवाखान्यात सोबत कोण जाणार, पैशाचा हिशोब कोण ठेवणार. प्रत्येकापुढे सही. मंडळाच्या सूचनाफलकावर त्याची झेरॉक्स लावा. सामंजस्य करार वगैरे मोठे शब्द नंतर कुणी मागितले तर बघू.

आणि बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा. सकाळी अकराच्या बैठकीला निवृत्त पुरुष येतात, आणि मग निर्णयही निवृत्त पुरुषांच्या सोयीचे होतात.

मोजायचं कसं

साहित्य फार लागत नाही. दंडावर बांधायचं डिजिटल बी.पी. मशीन (मनगटाचं घेऊ नका), त्याला मध्यम आणि मोठा असे दोन पट्टे, शुगरचं मशीन आणि पट्ट्या, शिंप्याची टेप, एक टॉर्च. वजनकाटा असला तर ठीक, नसला तरी अडत नाही.

बी.पी. मोजताना जिथं घोटाळा होतो तेवढंच सविस्तर सांगते. मंडळाच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला हात नसतात, त्यामुळे माणूस हात मांडीवर ठेवतो आणि आकडा वर जातो. आम्ही कॅरमबोर्डाचा स्टँड शेजारी ओढतो, त्यावर घडी घातलेली चादर, त्यावर हात. पट्टा बरोबर छातीच्या पातळीत येतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसायचं नाही. पाच मिनिटं नुसतं बसायचं. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, जिना झालेला नसावा. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायचं, हे बायका लाजून सांगत नाहीत, तुम्ही विचारा. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर ती वर सारून दंडावर वळ पाडण्यापेक्षा पातळ कापडावरून बांधलेलं परवडलं. मोजताना गप्पा पूर्ण बंद, मोजणाऱ्याच्यासुद्धा. दोनदा मोजा, मध्ये एक मिनिट. आणि आकडा मोठ्यांदा वाचू नका. 'अगं बाई, एकशेऐंशी!' असं कुणी ओरडलं की रांगेतल्या दोघी हळूच घरी जातात.

वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 च्या वर दिसला म्हणजे लगेच बी.पी. आहे असं नाही. पुन्हा वेगळ्या दिवशी मोजायचं आणि दवाखान्यात पाठवायचं. 180 किंवा 110 च्या पुढे असेल तर त्याच दिवशी सोबत माणूस देऊन. छातीत कळ, एका बाजूचा हातपाय लुळा, बोलणं अडखळतंय, असं काही असेल तर मशीन बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा. बोट टोचून काढलेली कुठल्याही वेळची शुगर 140 च्या पुढे असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची तपासणी दवाखान्यात. 70 च्या खाली आली आणि माणूस शुद्धीवर असला तर आधी साखरपाणी द्या, मग पुढचं. निदान करणं आणि गोळी सांगणं हे आपलं काम नव्हे. 'मला ही लागू पडली, तू घेऊन बघ' म्हणणारी एक तरी शेजारीण टेबलाजवळ उभी असते, तिला चहा करायला पाठवा.

सुई एका माणसाला एकदाच. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकून डबा दवाखान्यात द्यायचा. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलीत तर कचरा वेचणाऱ्या ताईच्या हातात घुसते.

टेप कशाला, असं लोक विचारतात. यामागे पुण्याचंच संशोधन आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोच्या आसपास, दिसायला हडकुळी, पण अंगात चरबीचं प्रमाण इंग्लंडच्या बाळांच्या तुलनेत जास्त. 2004 मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, अंगातली चरबी मात्र एकाची 9.1 टक्के आणि आपल्या माणसाची 21.2 टक्के. त्यामुळे 'मी कुठे जाड आहे' या वाक्यावर आपल्याकडे विश्वास ठेवायचा नाही. कंबर मोजायची. बाईची 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची 90 च्या पुढे असली की सी-बॅकमध्ये गुण वाढतात.

टॉर्च तोंडात बघायला. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, किंवा स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर दंतवैद्याकडे पाठवा. गुटखा महाराष्ट्रात 2012 पासून बंद आहे, पण पानटपरीसमोर पडलेल्या पुड्या बघितल्यात ना? आणि बायकांना 'तंबाखू खाता का' विचारू नका, त्या नाही म्हणतात आणि त्यांच्या मते ते खरंच असतं. 'मिशरी लावता का' विचारा. सकाळी दात घासायला, दुपारी पोट दुखतं म्हणून, संध्याकाळी दमल्यावर, असं सगळं बाहेर येतं. घरी तव्यावर भाजलेली मिशरी म्हणजे तंबाखूच, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

वही

आता मुद्द्याचं. दोनशे पानी लांबट वही घ्या, बँकेच्या लेजरसारखी. ॲप नंतर. सरकारी पोर्टलवर आशाताई आणि नर्सताई नोंद करतातच, तिथे तुमची ढवळाढवळ नको. तुमची वही वेगळ्या कामाची.

रकाने असे: ज्या नावाने गल्लीत हाक मारतात ते नाव. घराची खूण. फोन आणि तो कुणाच्या हातात असतो (नवऱ्याच्या, सुनेच्या, का स्वतःच्या). पहिला आकडा, आजचा आकडा. कुठून गोळ्या घेते. गोळ्या संपण्याची तारीख. गावाला जाण्याची तारीख. शेवटी शेरा.

यातला 'गोळ्या संपण्याची तारीख' हा रकाना लाल शाईने आखा. दर शनिवारी पानं उलटायची, ज्यांची तारीख उलटून गेली आणि जे दवाखान्यात गेले नाहीत त्यांची नावं वेगळ्या चिठ्ठीवर. ही झाली थकबाकीची यादी. ती चिठ्ठी हास्यक्लबच्या काकूंकडे फोनसाठी, फोन न लागलेल्यांची नावं समितीच्या बायकांकडे दारावर जायला. व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकायची नाही. कुणाला काय आजार आहे हे त्याच्या व्याह्यांना आपल्याकडून कळता कामा नये.

दारावर गेल्यावर पहिलं वाक्य 'गोळ्या का नाही घेतल्या' हे नको. वसुलीचा हा जुना धडा आहे, विचारणा केली की दार बंद होतं. बसा, पाणी मागा, मग सहज:

'मावशी, बरं आहे ना? दवाखान्यात दिसला नाहीत.'

'बरं वाटतंय की आता, म्हणून सोडल्या. आन् लेक म्हणतो, सवय लागंल.'

'बरं वाटतंय ते गोळीमुळेच. परत मोजून बघू या का, मशीन आणलंय.'

मोजल्यावर आकडा काय ते सांगतो. कारणं बहुधा ठरलेली असतात. दवाखान्याची वेळ आणि कामाची वेळ एकच, एक खाडा म्हणजे एका घरचे पैसे कापले जातात. इथे उपदेशाचा उपयोग नाही, डॉक्टरांना भेटून स्थिर असलेल्यांना एका वेळी महिन्याच्या गोळ्या मिळतील का हे विचारायचं आणि 'आपला दवाखाना' या नावाचा सरकारी दवाखाना जवळ असेल तर त्याच्या वेळा बघायच्या. गोळ्यांनी किडनी जाते, असं कुणी सांगितलेलं असतं. खरं उलट आहे, न सांभाळलेल्या बी.पी. आणि शुगरने किडनी जाते. गोळी बदलली, आधी पांढरी गोल होती आता पिवळी लांबट आहे, म्हणून घेतली नाही, हेही ऐकाल. तिथे दोन्ही पाकिटांवरचं औषधाचं नाव शेजारी शेजारी धरून दाखवा. आणि साठाच नव्हता असं चार जणांकडून कळलं तर ती चूक त्यांची नाही, ती तुमच्या पाठपुराव्याच्या यादीत जाते.

महिनाअखेरीला तीनच आकडे काढा: वहीत किती, या महिन्यात दवाखान्यात किती गेले, त्यांपैकी किती जणांचा बी.पी. 140/90 च्या खाली. किती जणांची तपासणी केली हा आकडा फलकावर लिहायचा मोह होतो. नका लिहू. हा तिसरा आकडा मी मनाने काढलेला नाही. देशात नोव्हेंबर 2017 मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीलाच होते. तिथे ठरावीक औषधांचा एकच सोपा क्रम, औषधांचा अखंड साठा, नर्सवर सोपवलेली कामं, घराजवळ गोळ्या आणि दर खेपेचा आकडा लिहून किती जणांचा बी.पी. ताब्यात आहे हे बघणं, याच गोष्टींवर भर होता. साताऱ्याला जमतं ते आपल्याला घाटाच्या अलीकडे का जमू नये!

गावाला गेल्यावर

पुण्याच्या वस्तीतला माणूस पूर्ण पुण्याचा नसतो. कुणी सोलापूरकडचं, कुणी बीडचं, कुणी नांदेडचं. चैत्रातल्या जत्रा, मे महिन्यातली लग्नं, दिवाळी, भावकीतलं काही झालं तर महिना-दोन महिने. गोळ्या नेमक्या तिथेच सुटतात. त्यामुळे हे काम एका वॉर्डात बंद होऊच शकत नाही, राज्यभर दुवे लागतात, आणि ते मंत्रालयातून जोडले जायची वाट बघण्यापेक्षा तुम्हीच एकेक जोडा.

प्रत्येकाला एक जाड कार्ड द्या, पाकिटात मावेल असं. त्यावर मराठीत नाव, आजार, औषधाचं नाव आणि ताकद डॉक्टरांच्या अक्षरात, शेवटचे तीन आकडे. जायच्या आठवडाभर आधी गोळ्या घेऊन ठेवायच्या, रिकामं पाकीट टाकायचं नाही, तेही कार्डासोबत. गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र कुठलं, हे वहीत लिहून घ्या. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. गावच्या आशाताईंचा नंबर नणंद-जाऊ कुणाकडे तरी असतोच, मागून घ्या. 'आमची एक मावशी आली आहे, कार्ड तिच्याकडे आहे' एवढा एक फोन पुरतो. उलट दिशेनेही चालतं. आषाढी वारीच्या वेळी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, नाना पेठ आणि भवानी पेठेत वारकऱ्यांची गर्दी असते. पाय चोळून देणारे मंडप खूप असतात, तिथे शेजारी टेबल लावून 'माउली, गोळ्या सोबत आणल्यात का' एवढंच विचारलं तरी बऱ्याच पिशव्यांतून संपलेली पाकिटं निघतात.

मीठ, चालणं वगैरे

उपदेश कमी करा. जी बाई सकाळपासून चार इमारतींचे जिने चढली आहे तिला 'रोज अर्धा तास चाला' सांगताना मला तरी लाज वाटते. तिच्याशी मीठ आणि मिशरीबद्दल बोला. चालायला सांगा तिच्या रिक्षावाल्या नवऱ्याला आणि आमच्यासारख्या सोसायटीतल्या लोकांना, जे तळजाईच्या पायथ्यापर्यंत गाडीने जाऊन मग टेकडी चढतात. आठवड्याला 150 मिनिटं मध्यम दमाचं चालणं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा किमान हिशोब आहे.

मिठाचा हिशोब मात्र बायकांना फार आवडतो, कारण तो घरच्या डब्यावर करता येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी. चौघांच्या घराला महिन्याला 600 ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी निदान दीड महिना पुरली पाहिजे. पुडी फोडली की तिच्यावर बॉलपेनने तारीख घाला. बहुतेक घरांत ती कितीतरी आधी संपते, आणि पापड, लोणचं, फरसाण, वडापाव यांतलं मीठ अजून धरलेलंच नाही. सदाशिव पेठ-नवी पेठेत एम.पी.एस.सी.च्या मुलांच्या खाणावळी चालवणाऱ्या ताई बैठकीला आल्या तर त्यांना दोनच गोष्टी मागा: ताटात लोणचं-पापड मागितल्यावरच वाढायचं, आणि आठवड्यातून तीनदा ज्वारीची भाकरी. पोरं कुरकुरतात, मग खातात.

पैसे, आणि वरपर्यंत पोहोचणं

मुख्य खर्च शुगरच्या पट्ट्यांचा, बाकी किरकोळ. मंडळाच्या वर्गणीतून, समितीच्या खुल्या निधीतून, सोसायटीच्या दिवाळी फंडातून भागतं. देणगी आली तर वस्तूत घ्या, रोख कमी. हिशोब दर महिन्याला फलकावर, एक रुपयाही तोंडी नको.

साठा सारखा संपत असेल, तपासणीचा वार रद्द होत असेल, तर भांडायला जाण्याआधी तीन महिन्यांची पानं काढा. कोणत्या तारखेला कोणती गोळी नव्हती, किती जण रिकाम्या हाताने परत गेले. हे पान आधी दवाखान्यात दाखवा, मग क्षेत्रीय आरोग्य अधिकाऱ्यांना. जिल्ह्यात असंसर्गजन्य आजारांचा वेगळा कक्षही असतो. आपल्या राज्याला ही रीत नवी नाही. आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम 2007 पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुरू झालं, राज्यपातळीवरची जबाबदारी पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होती. गावकऱ्यांनी आरोग्यकेंद्रांना गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर लेखी दाखले ठेवायचे. आरडाओरड करणाऱ्याला शांत करता येतं, तारीखवार पान घेऊन बसलेल्या बाईला उत्तर द्यावंच लागतं.

शेवटचं, खास पुणेकरांसाठी. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय 2006 पासून आहे, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. त्यात दवाखान्यासमोर सावली, टेकडीच्या वाटेवर दिवा, फूटपाथवर म्हाताऱ्यांना टेकायला बाक, असली लहान कामं घाला. शाळेच्या शंभर यार्डांत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, तो फलक पुसला गेला असेल तर तोही मागा. जागेचं वर्णन जवळच्या विजेच्या खांबाच्या क्रमांकासकट लिहा, नाहीतर बाक दुसऱ्याच चौकात बसतो आणि तिथे रिक्षावाले पत्ते खेळतात.